पायलटांचा संप परवडला का? एका फर्स्ट ऑफिसरच्या पत्राला उत्तर

पत्र (थोडक्यात): "मी एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. आमच्या युनियनने पगारासाठी नऊ दिवस संप केला, मीही बॅलटमध्ये हो म्हणूनच मत दिलं होतं. संपाआधी कंपनीची शेवटची लेखी ऑफर तीन वर्षं दरवर्षी ३ टक्के अशी होती. सेटलमेंट झाली ५, ४ आणि ३ टक्क्यांवर, शिवाय रोस्टरमधली ठरलेली सुट्टी आमच्या संमतीशिवाय काढून घेता येणार नाही असं कलम मिळालं. युनियन म्हणते जिंकलो. पण नऊ दिवसांचा पगार गेला, फ्लाइंग अलाउन्स गेला, ट्रेनिंगच्या कर्जाचा हप्ता थकला आणि नवरा रोज विचारतो की ह्यातून नक्की मिळालं काय. नातेवाईक म्हणतात आधीच एवढा पगार, वर लोकांचे हाल केले. संपात ज्या कॅप्टननी फ्लाइट्स केल्या त्यातल्याच एकाबरोबर पुढच्या महिन्यात माझं पेअरिंग आलंय, म्हणजे एकत्र ड्युटी लागलीय, आणि कमांड अपग्रेडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या यादीत संपात फ्लाय केलेल्या फर्स्ट ऑफिसरांची नावं पुढे सरकली अशी कुजबुज आहे. युनियन सोडून द्यावी असं वाटायला लागलंय. एकदाच स्पष्ट सांगा, संप परवडला की नाही?"

ताई,

तुम्ही स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून आधी उत्तर देतो. हो, परवडला. पैशात बेताचाच परवडला, सुट्टीच्या कलमात चांगला परवडला, पण तो अजून पूर्ण पदरात पडलेला नाही, कारण तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेली ती अपग्रेडच्या यादीची कुजबुज मला तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट वाटते. पगारापेक्षाही. त्यावर येतोच, पण आधी नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर देऊ कारण तो प्रश्न रास्त आहे आणि "आम्ही जिंकलो" हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

हिशोब असा करा. तुमचा आजचा महिन्याचा पगार १०० धरा. कंपनीची ऑफर घेतली असती तर पहिल्या वर्षी १०३, दुसऱ्या वर्षी १०६ च्या किंचित वर, तिसऱ्या वर्षी १०९.३ च्या आसपास. आता मिळणार १०५, मग १०९.२, मग ११२.५. म्हणजे फरक पहिल्या वर्षी महिन्याला २, दुसऱ्या वर्षी ३.१, तिसऱ्या वर्षी ३.२. बारा-बारा महिन्यांनी गुणून बेरीज केली की तीन वर्षांत साधारण १०० येतात, म्हणजे आजचा एक पूर्ण पगार. त्यातून संपात गेलेलं वजा करा. नऊ दिवसांचे ३०, आणि फ्लाइंग अलाउन्स फक्त त्या नऊ दिवसांचाच जात नाही, संप मिटल्यावर शेड्यूल रुळावर यायला वेळ लागतो, विमानं आणि क्रू चुकीच्या ठिकाणी अडकलेले असतात, तेव्हा आणखी १५ धरू. गेले एकूण ४५. पहिल्या वर्षात त्यातले २४ परत येतात, उरलेले २१ दुसऱ्या वर्षाच्या सातव्या महिन्यापर्यंत भरून निघतात. म्हणजे करार लागू झाल्यापासून एकोणीस महिन्यांनी तुम्ही जिथल्या तिथे, आणि तीन वर्षं संपताना अर्ध्या पगारापेक्षा थोड्या जास्त फायद्यात. तुमचा अलाउन्स माझ्या अंदाजापेक्षा जास्त बुडाला असेल तर स्वतःचा आकडा घालून बघा, गणित तेच राहतं.

हे नवऱ्याला असंच्या असं कागदावर मांडून दाखवा, आणि सोबत हेही सांगा की चौथ्या वर्षी नवीन वाटाघाटी सुरू होतील तेव्हा त्या ११२.५ वरून सुरू होतील, १०९.३ वरून नाही. हा जो जवळजवळ ३ टक्क्यांचा फरक मूळ पगारातच घातला गेलाय तो पुढची प्रत्येक टक्केवारी घेऊन वाढत जातो. युनियनचे लोक सभेत हे नीट समजावून सांगत नाहीत, ते मोठा आकडा सांगतात, तीन वर्षांत साडेबारा टक्के, आणि टाळ्या पडतात. पण त्यातले सव्वानऊ टक्के कंपनी संप न करताच द्यायला तयार होती, तेव्हा संपाच्या खात्यावर फक्त वरचे तीन-सव्वातीन टक्के मांडायचे.

इथे एक शंका तुमच्याही मनात आली असेल, की थोडं थांबलो असतो तर कंपनीने स्वतःहून थोडं वाढवलंच असतं. शक्य आहे. समजा ४, ३, ३ पर्यंत आले असते. मग संपामुळे जास्तीचं मिळालं ते १०० ऐवजी ६२-६३, त्यातून ४५ गेले, उरले सतरा-अठरा. तरी फायद्यातच, पण एवढ्यासाठी कोणी नऊ दिवस बिनपगारी काढत नाही. म्हणून म्हटलं पैशात बेताचा.

आणि प्रत्येकालाच एवढंही मिळत नाही. ब्रिटिश एअरवेजच्या पायलटांचं बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये ९ आणि १० तारखेला त्यांनी संप केला, त्यांच्या युनियनच्या, म्हणजे बाल्पाच्या इतिहासात ह्या कंपनीतला पहिलाच, दोन दिवसांत जवळजवळ सगळी उड्डाणं रद्द, कंपनीच्या मालक ग्रुपने नंतर फटका सांगितला १३ कोटी ७० लाख युरोंचा. संपाआधी टेबलावर होते तीन वर्षांत ११.५ टक्के, डिसेंबरात पायलटांनी मोठ्या बहुमताने जी डील मान्य केली त्यातही पगारवाढ ११.५ टक्केच होती, वर काही इतर सुधारणा. मग लगेच कोरोना आला आणि २०२० च्या उन्हाळ्यात त्याच पायलटांनी नोकऱ्या वाचवण्यासाठी २० टक्क्यांपासून सुरू होणारी तात्पुरती पगारकपात मतदान करून स्वीकारली. आता तो संप फुकट गेला का? फक्त टक्के बघितले तर तसंच दिसतं. पण आणखी एक बाजू आहे, त्यानंतर त्या कंपनीत वाटाघाटीला बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत झालं की हे लोक खरोखर विमानं उभी करतात. ह्या माहितीला किंमत असते, ती सॅलरी स्लिपवर दिसत नाही एवढंच.

मी पगाराच्या वाटाघाटींत युनियनच्या बाजूने बसलेला माणूस आहे, विमान कंपन्यांमध्ये नाही, पण टेबल सगळीकडे सारखंच असतं. संप परवडला का हे विचारणाऱ्याला मी नेहमी सांगतो की तीन गोष्टी बघ: जास्तीचं काय मिळालं, ते किती टिकणार, आणि संपानंतर तुमची एकी आधीपेक्षा घट्ट आहे की सैल. पहिल्या दोनांत तुमचं बरं चाललंय. तिसऱ्यात मला काळजी वाटते.

कारण पायलटांच्या धंद्यात हरणं फार महाग पडतं आणि ते बाहेरच्यांना कळत नाही. इतर नोकरीत माणूस संपात नोकरी गमावून बसला तर दुसरीकडे अनुभवाच्या जोरावर त्याच पगारावर लागतो. तुमच्याकडे सगळं सिनियॉरिटीवर, म्हणजे कंपनीच्या यादीतल्या क्रमांकावर चालतं, कुठलं विमान, कुठला बेस, कोणती सुट्टी, कमांड कधी, सगळं त्या एका नंबरावर, आणि कंपनी बदलली की बहुतेक ठिकाणी तो नंबर सोबत येत नाही, वीस वर्षांचा कॅप्टन दुसऱ्या एअरलाइनमध्ये यादीच्या तळाशी जाऊन बसतो. वर टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान चालवायची परवानगी, ज्या विमानाचं आहे त्याच विमानाच्या नोकऱ्या बघायच्या, दर वेळी मेडिकलची टांगती तलवार, आणि आंतरराष्ट्रीय नियमाने ६५ नंतर प्रवासी विमानाचं कॉकपिट बंद. नातेवाईक म्हणतात ना आधीच एवढा पगार, त्यांना हे सांगा, की हा पगार मोजक्या वर्षांत मिळवायचा असतो आणि एका खराब ईसीजीने तो थांबू शकतो. पण हीच गोष्ट उलटीही लागू होते. एवढं सगळं एका कंपनीत अडकलेलं असल्यामुळे संप फसला तर जाणारं खूप असतं.

ऑस्ट्रेलियात १९८९ साली फसला. तिथल्या पायलटांनी २९.४७ टक्के वाढ मागितली, तेव्हा देशभर सरकार आणि कामगार संघटनांच्या समझोत्याने पगारवाढीला मर्यादा घातलेली होती, म्हणजे मागणी फक्त कंपन्यांकडे नव्हती, सरळ सरकारच्या धोरणाला धडक होती. ऑगस्टमध्ये त्यांनी फक्त सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उडायचं ठरवलं, कंपन्यांनी कोर्टात नुकसानभरपाईचे दावे लावायला सुरुवात केली तेव्हा त्यातून वाचण्यासाठी सोळाशेहून जास्त पायलटांनी एकदम राजीनामे दिले. बॉब हॉक पंतप्रधान होते, एकेकाळचे कामगार चळवळीचे सगळ्यात मोठे नेते, त्यांनीच हवाईदलाची विमानं प्रवाशांसाठी आणली, बाहेरच्या देशांतली विमानं आणि पायलट आले, कंपन्यांनी एकेकाला वेगळा करार देऊन भरती सुरू केली. राजीनामा तर दिलेलाच होता, कामावर परत घ्या म्हणायचा हक्कच उरला नाही. कित्येकांना देश सोडून परदेशी एअरलाइन्समध्ये जावं लागलं आणि जे परत गेले आणि जे गेले नाहीत त्यांच्यातली कटुता पुढे वर्षानुवर्षं राहिली.

आपल्याकडचं एअर इंडियाचं २०१२ आठवत असेल. तो नुसता पगाराचा संप नव्हता, २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया एकत्र केल्या पण पायलटांचे पगार, बढत्या, ट्रेनिंग ह्यांचा निकाल लावलाच नाही, त्याचंच पुढे आलेलं दुखणं. आदल्या वर्षी, २०११ मध्ये, पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनी समान पगारासाठी दहा दिवस संप केला. मग २०१२ च्या मे महिन्यात पूर्वीच्या एअर इंडियाच्या पायलटांनी, नवीन ड्रीमलायनर विमानांचं ट्रेनिंग दुसऱ्या गटालाही देणार म्हणून. दोन्ही वेळा पायलटांच्या दोन युनियन एकमेकींच्या सोबत नव्हत्या, एक संपावर असताना दुसरी उडत होती. दुसरा संप ५८ दिवस चालला, कोर्टाने बेकायदा ठरवला, शंभराहून जास्त पायलट बडतर्फ झाले, युनियनची मान्यता गेली, आणि जुलैत दिल्ली हायकोर्टापुढे संप मागे घ्यावा लागला तेव्हा हातात मागणी मान्य झाल्याचा कागद नव्हता, तक्रारींचा सहानुभूतीने विचार होईल एवढंच होतं. त्या पायलटांची तक्रार खोटी होती असं मी म्हणत नाही. विलीनीकरण ज्यांनी अर्धवट केलं त्यांचा दोष त्यात मोठा आहे असंच मला वाटतं. पण तक्रार खरी असणं आणि संप जिंकणं ह्यात कायदा, वेळ आणि एकी एवढं सगळं मध्ये येतं.

म्हणून तुमची नऊ दिवसांत सुटका झाली, कोणी बडतर्फ झालं नाही, युनियन शाबूत आहे, हे कमी समजू नका.

आता सुट्टीचं कलम. तुम्ही ते "शिवाय" म्हणून एका ओळीत लिहिलंय, मला विचाराल तर तुमच्या करारातली सगळ्यात किमती गोष्ट तीच आहे. पगाराचे टक्के महागाई खाऊन टाकते, एखादी साथ किंवा इंधनाचे भाव आले की कंपनी कपात मागते. ठरलेला दिवस तुमचा राहणं, ऐनवेळी फोन करून ड्युटी न लावता येणं, ह्याला महागाई लागत नाही. थकलेल्या माणसाने पहाटेचं लँडिंग करायचं की झोप झालेल्या माणसाने, हा प्रश्न त्यात आहे. एसएएस ह्या स्कँडिनेव्हियन एअरलाइनच्या पायलटांनी २०२२ च्या जुलैत पंधरा दिवस संप केला, संप सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, अशा कंपनीकडून पगार काय वाढवून घेणार. पण त्यांनी कोरोनात काढून टाकलेल्या ४५० पायलटांना परत घेण्याचं कबूल करून घेतलं आणि बदल्यात जास्त तास आणि कमी खर्चाचा, साडेपाच वर्षांचा करार सही केला. पगाराच्या तक्त्यात तो संप तोट्याचा दिसेल, त्या ४५० घरांत विचारा.

आता यादी. कुजबुज आहे असं तुम्ही लिहिलंय, तर आधी ती कुजबुज आहे की खरं आहे हे बघा. सिनियॉरिटी लिस्ट संपाआधीची आणि आताची, दोन्ही युनियनकडून मागून घ्या, कमांड अपग्रेडला कोणाकोणाला नॉमिनेट केलं ती नावं त्यावर लावून बघा. क्रम तोच असेल तर विषय संपला आणि तो विषय क्रू रूममध्येही संपवा. क्रम बदलला असेल तर सेटलमेंटमध्ये संपात भाग घेतल्याबद्दल कोणावर कारवाई होणार नाही आणि कोणाची सिनियॉरिटी हलणार नाही असं लिहिलंय का ते शोधा. तुम्ही त्याचा उल्लेखच केला नाहीये म्हणून मला शंका येते की टक्क्यांच्या घाईत ते राहून गेलं. लिहिलं नसेल तर ही वेळ आहे, तीन वर्षांनी नाही. लेखी तक्रार करा, एकट्याने नको, ज्या ज्या फर्स्ट ऑफिसरला फटका बसलाय त्या सगळ्यांनी मिळून, आणि युनियनला भाग पाडा की कंपनीकडून जोडकरार करून घ्यावा.

युनायटेड एअरलाइन्समध्ये १९८५ ला हाच मुद्दा संपापेक्षा मोठा झाला होता. कंपनीला नवीन पायलटांसाठी वेगळा, कमी पगाराचा तक्ता आणायचा होता, त्यावर संप झाला, २९ दिवस चालला. पण पैशाचं भांडण बऱ्यापैकी आधीच मिटत आलं होतं, संप लांबला तो कामावर परत कोणी कसं यायचं ह्यावर. ट्रेनिंग घेतलेले ५७० नवे पायलट होते, नोकरीवर रुजू व्हायच्या बेतात, त्यांनी संप मोडून कामावर जायला नकार दिला आणि कंपनीने त्यांना घेणार नाही म्हटलं. जुने पायलट त्यांच्यासाठी अडून बसले, प्रकरण पुढे कोर्टात गेलं. ज्यांना अजून एक पगारही मिळाला नव्हता त्यांच्यासाठी वरच्या यादीतले लोक बिनपगारी बसले, आणि माझ्या मते त्या युनियनची पुढची ताकद तिथे तयार झाली. तुमच्या युनियनने तुमच्यासाठी हे करायला पाहिजे, आणि तुम्ही सोडून गेलात तर ते मागायला तुम्ही तिथे नसाल. तेव्हा युनियन सोडण्याबद्दल माझं मत सरळ आहे: आत्ता नाही. रागावलात तर सभेत जाऊन रागवा.

कॅप्टनचं मात्र वेगळं आहे, तिथे मी तुमच्याकडून वेगळं वागणं मागणार आहे. त्यांनी संपात का फ्लाय केलं तुम्हाला माहीत नाही. घरात आजारपण असेल, रिटायरमेंटला वर्ष राहिलं असेल, संप चूक आहे असं मनापासून वाटत असेल, किंवा सरळ स्वार्थ असेल. तुम्हाला राग यायचा पूर्ण हक्क आहे आणि तो गिळून टाका असं मी म्हणणार नाही. पण कॉकपिटमधला अबोला इतर ऑफिसातल्या अबोल्यासारखा नसतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. १९७८ मध्ये पोर्टलंडजवळ युनायटेडचं विमान इंधन संपून कोसळलं, चाकाच्या बिघाडात अडकलेल्या कॅप्टनला इंधनाबद्दल खालच्या अधिकाऱ्यांनी ठामपणे सांगितलं नाही, आणि त्याच्या आदल्या वर्षी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली तो अपघात, अशा घटनांमधूनच क्रू रिसोर्स मॅनेजमेंटचं, म्हणजे कॉकपिटमधल्यांनी एकमेकांशी मोकळं बोलून काम करण्याचं सगळं ट्रेनिंग उभं राहिलं. जिथे फर्स्ट ऑफिसरला बोलायला संकोच वाटतो किंवा कॅप्टनला ऐकायला कमीपणा वाटतो तिथे दोघांची हुशारी उपयोगी पडत नाही.

तेव्हा ब्रीफिंगच्या आधी, जमिनीवर, दोन मिनिटं बाजूला घेऊन एवढंच बोला: "सर, संपाबद्दल आपलं मत वेगळं आहे, तो विषय आपण विमानात काढायचा नाही, कामाचं मात्र मी सगळं बोलणार आणि तुम्हीही बोला." बहुतेक माणसांना हे ऐकून बरं वाटतं, कारण तेही तेवढेच अवघडलेले असतात. दहा हजार फुटांखाली तसंही कामाशिवाय बोलायचं नसतं. वर गेल्यावर गप्पा मारल्या नाहीत तरी चालेल, जेवणाच्या ट्रेवर हवापाण्याचं बोललात तरी चालेल, पण कॉलआउट, चेकलिस्ट, "मला हे बरोबर वाटत नाहीये" हे वाक्य, ह्यात तसूभर कमी नको. आणि त्या पेअरिंगच्या आदल्या रात्री झोप लागली नाही, डोकं त्यातच फिरतंय असं झालं, तर कंपनीत पेअरिंग टाळायची विनंती करायची सोय असेल ती वापरा, नसेल तर आज मी फिट नाही असं सांगा. त्यात काहीही कमीपणा नाही.

प्रवाशांच्या हालांबद्दल. हाल झाले, ते खरं आहे, आणि ज्यांचे झाले त्यांचा तुमच्या पगाराशी काही संबंध नव्हता. कोणाचा इंटरव्ह्यू गेला असेल, कोणी शेवटच्या दर्शनाला पोचलं नसेल. ह्यावर "पण आमची मागणी रास्त होती" हे उत्तर पुरत नाही, ते देऊही नका. तुमच्या हातात जे आहे ते पुढच्या वेळचं, की नोटीस भरपूर आधी द्या, तारखा स्पष्ट सांगा, सणासुदीच्या गर्दीचा मुद्दाम मुहूर्त साधायचा की नाही ह्यावर युनियनमध्ये बोला. माझं मत विचाराल तर साधू नये, दबाव थोडा जास्त पडतो पण लोकांच्या मनातून उतरलात की सरकारला मध्ये पडायला आयतं कारण मिळतं. बाकी प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी कंपनीची, हे युरोपात तरी आता पक्कं झालंय. एसएएसच्याच २०१९ च्या पायलट संपावरून खटला युरोपियन युनियनच्या न्यायालयात गेला आणि मार्च २०२१ मध्ये निकाल लागला की स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी पगारासाठी कायदेशीर संप केला तर ती कंपनीसाठी असाधारण परिस्थिती धरता येणार नाही, प्रवाशांना ठरलेली भरपाई द्यावी लागेल. मला हा निकाल पटतो. पगाराच्या वाटाघाटी हा कंपनी चालवण्याचाच भाग आहे, वादळ किंवा ज्वालामुखीच्या राखेसारखं बाहेरून आलेलं काही नाही.

शेवटी पुढच्या कराराबद्दल, कारण संप परवडला की नाही ह्याचा अर्धा निकाल तेव्हाच लागणार आहे. अमेरिकेत डेल्टाच्या पायलटांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये संपाला परवानगी देण्याचं मतदान केलं, ९९ टक्के हो, आणि संप न करताच मार्च २०२३ मध्ये चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार पक्का झाला. मग युनायटेड, अमेरिकन एअरलाइन्स, सगळ्यांना त्याच मापाने द्यावं लागलं. त्यात नशिबाचा भाग होता, कोरोनात हजारो पायलट लवकर रिटायर झाले होते आणि प्रवासी एकदम परत आले, पायलट मिळेनात. तिथला कायदाही असा आहे की मध्यस्थी, मग तीस दिवसांचा थांबा, एवढं सगळं झाल्याशिवाय संप करताच येत नाही, १९९७ मध्ये तर अमेरिकन एअरलाइन्सच्या पायलटांचा संप सुरू झाल्यावर काही मिनिटांत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी थांबवला होता. तरी त्या ९९ टक्क्यांचं वजन पडलंच. तुमच्या कंपनीने आता तुम्हाला नऊ दिवस बसलेलं बघितलंय. तीन वर्षांनी पुन्हा बॅलट येईल तेव्हा मॅनेजमेंट पगाराच्या तक्त्याआधी हे बघणार की मागच्या वेळी किती जण फुटले आणि आता किती फुटतील. तुम्ही, तुमचे बॅचमेट आणि संपात फ्लाय केलेले ते लोकही तोपर्यंत एकमेकांशी कसे वागता त्यावर तो आकडा ठरणार.

तोवर घरी एवढं करा, ह्या वाढीतला पहिल्या वर्षाचा फरक, ते महिन्याचे २ टक्के, आधी थकलेल्या हप्त्याकडे वळवा, बँकेशी बोलून तो नियमित करून घ्या म्हणजे रेकॉर्डवर डाग राहणार नाही. त्यानंतर येणारा फरक वेगळ्या खात्यात पडू द्या, पुढचा बॅलट येईपर्यंत दोन-तीन आठवडे बिनपगारी काढता येतील एवढं त्यात जमलेलं असावं, आणि युनियनच्या सभेत स्ट्राइक फंड, म्हणजे संपकाळात सभासदांना मदत करायचा निधी, का नव्हता हा प्रश्न उभं राहून विचारा. ज्याच्या डोक्यावर ट्रेनिंगचं कर्ज आहे त्यालाच संपात सगळ्यात आधी फुटावंसं वाटतं, आणि कंपनीला ते माहीत असतं. ती सिनियॉरिटीची यादी मात्र ह्याच आठवड्यात मागा.